गोड पाण्याने तहान जात नाही

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी हमखास रडतात, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. मोडकी छत्री रडते, फुटकी पाटी रडते, आणि मग तुम्हाला वाईट वाटतं. मी रडणार नाही. मी एक जुना हातपंप आहे. संग्रामपूरच्या बाजाराला जाणारा रस्ता आमच्या गावातून वळतो, तिथे विहार आणि शाळा यांच्या मधल्या मोकळ्या जागेत मी उभा आहे. गावात मला हापशी म्हणतात. माझं पाणी आजवर एकदाही आटलेलं नाही, आणि भीतीची गोष्ट आहे ती हीच.

आज सकाळपासून माझ्या ओट्यासमोर भांडी मांडून ठेवली आहेत. माझा दांडा मध्यंतरी काढून टाकला होता, म्हणून ती अजून रिकामी आहेत. ग्रामपंचायतीचा शिपाई देवानंद नवा दांडा आणायला गेला आहे. तो परत येईपर्यंत माझ्याजवळ वेळ आहे. तेवढ्यात मला तुम्हाला मंजुश्रीची गोष्ट सांगायची आहे. मंजुश्री विज्ञानकथा लिहिते. तिची पुस्तकं शहरातल्या दुकानांत मिळतात, तिला मोठा पुरस्कारही मिळाला. पण ती लिहायला लागली ती माझ्या या ओट्यावर, आणि फक्त एका माणसासाठी. रांगेतलं पहिलं भांडं कुणाचं आहे, ते मी शेवटी सांगेन.

माझ्या बालपणात सांगण्यासारखं फारसं काही नाही. कारखान्यात घडलो, ट्रकमध्ये चढलो, आणि पाऊस दगा देऊन गेलेल्या एका वर्षी इथे उतरलो. त्याआधी गावातल्या बाया नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीने पाणी भरायच्या. त्यामुळे माझ्या तोंडून पहिली धार पडली तेव्हा लोक अक्षरशः नाचले. नारळ फुटला, गुलाल उडाला. त्या वेळच्या सरपंचांनी पहिली ओंजळ तोंडाला लावली. त्यांचा चेहरा क्षणभर वाकडा झाला, हे मी अगदी जवळून पाहिलं. पण सगळं गाव टक लावून बघत होतं. सरपंच म्हणाले, "अमृत आहे अमृत!" मग दुसऱ्याने प्यायलं, तोही अमृतच म्हणाला. पाणी मचूळ आहे, खारट आहे, असं त्या दिवशी एकाच्याही तोंडून निघालं नाही. पुढे जिभांना सवय झाली. जिभेचं काय, जे रोज मिळतं तेच तिला बरं वाटू लागतं.

मला मात्र कधीच बरं वाटलं नाही. माझी नळी खोल जाते. दर काही उन्हाळ्यांनी तिला आणखी एक तुकडा जोडतात, कारण पाणी खाली जातं आणि जितकं खाली जातं तितकं अधिक खारं होतं. तिथलं पाणी मला रात्रंदिवस ऐकू येतं. ते वाहत नाही, खळखळत नाही, नुसतं थांबून असतं. कुणी माझा दांडा दाबला की ते उठून बसतं. एखादं माणूस दार वाजायची वाट बघत बसलेलं असावं, तसं.

मंजुश्रीचं घर विहाराच्या मागे. वडील दयाराम संत्र्याच्या बागांमध्ये रोजंदारीने जायचे, आई बेबीताई कापूस वेचायला. मंजुश्री पाण्याला यायची ती एक छोटी पितळी कळशी घेऊन. त्या कळशीचा काठ एका बाजूने चेपलेला होता, कारण तिने ती माझ्या ओट्यावर एकदा आपटली होती. तिच्या अंगात दांडा दाबण्याचं बळ नव्हतं. ती दोन्ही हातांनी दांड्याला लोंबकळायची, पाय वर घ्यायची, आणि तिच्या वजनाने माझ्या तोंडून चमचाभर पाणी पडायचं. रांगेतल्या बाया हसायच्या. मीही हसायचो, पण माझं हसू तुम्हाला करकरल्यासारखं ऐकू आलं असतं.

त्याच रांगेत कौशल्याबाई असायची. म्हातारी, कमरेत वाकलेली, पण तोंड तिखट. पाणी भरायला कमी आणि गोष्टी सांगायला जास्त यायची. एकदा ती मंजुश्रीला म्हणाली, "पोरी, पह्यले हिरीत साती आसरा राहेत. पान्यातल्या बाया त्या. हे नळी जमिनीत ठोकली अन् त्या खालीच कोंडल्या. आता वर याची वाट पाहून राह्यल्या."

"मंग येत काऊन नाहीत?"

"नळी बारीक आहे ना वं! थोड्या थोड्या येतीन."

बाकीच्या बाया फिदीफिदी हसल्या. मंजुश्री हसली नाही. सगळ्या गेल्यावर तिने माझ्या खांबाला कान लावला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मला जे रोज ऐकू येतं, ते त्या दिवशी तिलाही ऐकू आलं असावं, कारण त्यानंतर ती कळशी भरताना कधी गाणं म्हणाली नाही.

दयारामचं वळण वेगळं होतं. तो दर रविवारी मुलीला विहारात घेऊन जायचा आणि परत येताना माझ्या ओट्यावर बसून तिच्याशी बोलायचा. "कोनी सांगतलं म्हनून मानाचं नाही," तो म्हणायचा. "म्या सांगतलं तरी नाही. पारखून पाह्याचं, मंग मानाचं." त्यामुळे पोरीच्या एका कानात कौशल्याबाईच्या आसरा आणि दुसऱ्या कानात बापाचं पारखणं. दोन्हींचं आत भांडण चालायचं. पुढे लोक तिला विचारायचे की तुमच्यावर कुणाकुणाचे संस्कार झाले, तेव्हा ती मोठमोठी उत्तरं देत असेल. मला विचाराल तर ते भांडण हाच तिच्या लिखाणाचा पाया होता.

आणखी एक गोष्ट घडली. बेबीताईने बाजारातून हरभऱ्याच्या डाळीची पुडी आणली होती. पुडीचा कागद कुठल्याशा मुलांच्या मासिकाचा होता. त्यावर एक गोष्ट छापलेली होती. दूरच्या एका चंद्रावर बर्फाखाली काचेचं गाव आहे, गावातली हवा संपत आली आहे, एक मुलगा दाराशी पोचतो, दाराला हात लावतो, आणि तिथेच कागद फाटलेला. मंजुश्री तो कागद घेऊन दारोदार हिंडली. पुढं काय झालं असंन? कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणाला पर्वाही नव्हती. शेवटी तिने ओट्यावर बापाला गाठलं.

"बाबा, तुमी म्हनता पारखून पाह्य. जे अजून झालंच नाही ते कसं पारखाचं?"

दयाराम संत्र्याच्या काट्यांनी ओरखडलेले हात माझ्या धारेखाली धूत होता. त्याने हात तसेच धरून विचार केला. "आज जे होऊन राह्यलं ते नीट पाह्य," तो म्हणाला. "डोये उघडे ठेवून पाह्य. मंग उद्याचं सांगता येते."

मग त्याने ओंजळ भरून पाणी प्यायलं आणि तो घरी गेला. मंजुश्रीने त्याच संध्याकाळी त्या गोष्टीचा शेवट आपल्या मैत्रिणीला, राखीला, सांगितला. दुसऱ्या दिवशी दुसरा शेवट सांगितला. राखी म्हणाली, "कालचा बरा होता बे." मंजुश्री म्हणाली, "बरा होता, पन खरा नव्हता." मित्रांनो, मी पंप आहे, मला साहित्यातलं काही कळत नाही. पण त्या दिवशी माझ्या ओट्यावर काहीतरी सुरू झालं, एवढं मला कळलं.

शाळेत लक्ष्मीकांत सर नावाचे शिक्षक खामगावहून बदलून आले. चांगला माणूस. मुलांना कधी मारलं नाही. पण ते येताना घरून पाण्याची बाटली आणायचे आणि दुपारी सावलीत उभे राहून हळूच प्यायचे. मंजुश्री डोळे उघडे ठेवून पाहायला शिकली होती. तिने भर वर्गात विचारलं, "सर, तुम्ही आमच्या हापशीचं पानी काऊन पेत नाही?"

सरांनी फळा पुसायला घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टोव्ह आणला, माझ्याकडून पातेलंभर पाणी नेलं आणि शाळेच्या ओसरीत मुलांसमोर उकळत ठेवलं. पाणी आटून गेलं. पातेल्याच्या तळाशी पांढरा जाड थर उरला. मुलांनी बोट लावून चाटून पाहिला. खारट.

"काही जाणकार म्हणतात की फार फार पूर्वी या भागात समुद्राची जीभ आली होती," सर म्हणाले. "काहींना ते पटत नाही. पण आपल्या पायाखाली खारं पाणी आहे, एवढं नक्की."

मंजुश्री अजून पातेल्यात बघत होती. "सर, मंग मायच्या पोटात बी असंच पांढरं बसत असंन?"

सरांनी स्टोव्ह विझवला आणि मुलांना पाढे म्हणायला लावले.

त्यानंतर वर्षभरात दयारामच्या पायावर सूज आली. आधी चप्पल घट्ट झाली, मग ती पायात जाईना. तोंडही सुजल्यासारखं दिसू लागलं. तालुक्याला नेलं, मग शेगावला, मग अकोल्याला. डॉक्टरांनी मूत्रपिंडं गेली म्हणून सांगितलं. आमच्या गल्लीत असं झालेला तो पहिला नव्हता. आधीच्यांच्या वेळी कुणी करणी म्हणालं होतं, कुणी दारू, कुणी नशीब. दयारामने दारूला आयुष्यात हात लावला नव्हता, त्यामुळे या वेळी लोक नुसतेच गप्प राहिले. संत्र्याचा आंबिया बहर, म्हणजे दिवाळीच्या सुमाराचं पीक, उतरवायच्या आधी तो गेला. त्याला न्यायची तिरडी माझ्यासमोरूनच गेली. न्यायला आलेल्या माणसांनी परत येताना माझ्याच पाण्याने हातपाय धुतले, आणि कडक ऊन होतं म्हणून दोन दोन ओंजळी प्यायले.

हे सगळं माझ्या पाण्यानेच केलं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी डॉक्टर नाही. पण पुढे दोन माणसं गाडीतून आली, तपासायला बाटलीत पाणी घेऊन गेली, आणि काही दिवसांनी मला लाल रंग फासण्यात आला. ओट्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'पिण्यास अयोग्य.' मला हायसं वाटलं. म्हटलं, जे मला बोलता येत नाही ते निदान आता लिहिलं तरी गेलं.

पण ओट्यावर रोज घागरी घासल्या जातात, म्हशींचे पाय पडतात. दोन पावसाळ्यांत अक्षरं पुसून गेली आणि उरला फक्त लाल रंग. आता आपल्याकडे लाल फासलेल्या दगडाला कोण काय समजतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. कौशल्याबाईची नवी सून परगावची होती. तिने पहिल्याच दिवशी मला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला आणि पाया पडली. तिला कुणी अडवलं नाही. महिन्याभरात माझ्या मानेला दोरा बांधला गेला, मी चक्क देव झालो आणि माझं पाणी तीर्थ झालं. म्हणजे ज्या रंगाने लोकांना दूर ठेवायचं, त्याच रंगाने ते जवळ आले. कुणाला हसावं तेच मला कळेना.

बेबीताई हे बघून खो खो हसली. "आमी देवबिव मानत नाही बा," ती म्हणाली. "पानी म्हंजे पानी." आणि तिने तांब्या भरून प्यायलं. एकीने देव आहे म्हणून प्यायलं, दुसरीने देव नाही म्हणून प्यायलं. पाणी मात्र दोघींच्या पोटात सारखंच गेलं.

मंजुश्री तेव्हा आठवी-नववीत असेल. बाप गेला होता, आता आई उरली होती. तिने आईच्या नाकदुऱ्या काढल्या, रागावली, एक दिवस जेवली नाही. बेबीताई म्हणायची, "इतक्या पिढ्या पेल्या, त्या का मेल्या?" खरं तर माझ्यामागे पिढ्या नव्हत्याच, पण हे कोण सांगणार? लहान पोरीचं घरात कोण ऐकतं! तेव्हा पोरीने ठरवलं की जे बोलून ऐकत नाहीत, ते गोष्टीतून सांगायचं.

त्या वर्षीच्या जयंतीला, एप्रिलच्या मध्यात, विहारासमोर मंडपात कार्यक्रम होता. भाषणं झाली, गाणी झाली, आणि मंजुश्रीने माइकवर आपली पहिली गोष्ट वाचली. कर्ण्याचं तोंड माझ्याकडे होतं, त्यामुळे शब्द न् शब्द मला ऐकू आला.

गोष्टीत एक समुद्र होता. तो फार जुना होता. जमिनीने त्याला झाकून टाकलं होतं आणि त्याला परत वर यायचं होतं. पण त्याला चढता येत नव्हतं. मग माणसांनीच जमिनीत एक नळी सोडली. समुद्राला वाट मिळाली. तो तांब्यातांब्याने वर येऊ लागला आणि माणसांच्या आत जाऊन राहू लागला. पायांत, डोळ्यांखाली, बोटांत. कुणाला काही दुखत नव्हतं, म्हणून कुणी घाबरलं नाही. समुद्र पुरेसा आत साठला की एक खूण व्हायची. त्या माणसाला गोड पाणी नकोसं व्हायचं, गोड पाण्याने त्याची तहानच जात नसे. कारण तहान माणसाची उरलेलीच नसे, ती समुद्राची असे. आणि एके दिवशी समुद्र आतून हाक मारायचा, की चला, आता खाली जाऊ.

गोष्ट संपली. एक लहान मूल रडायला लागलं. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की माझ्या खांबावरचे पारवे उडाले. बेबीताई पहिल्या ओळीत बसली होती. ती टाळ्या वाजवत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मंडपात बसून सगळ्यांचे घसे सुकले होते. लोक उठले आणि सरळ माझ्याकडे आले. सगळ्यात पुढे बेबीताई. "माह्या पोरीनं लिव्हलं!" ती ज्याला त्याला सांगत होती. "मनानं लिव्हलं तिनं!" आणि अभिमानाने भरलेल्या त्या बाईने दांडा दाबून ओंजळ भरली आणि घटाघटा पाणी प्यायलं.

मंजुश्री विहाराच्या पायरीवर उभी राहून पाहत होती. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. लोकांना वाटतं, टाळ्या मिळाल्या म्हणून ती लेखिका झाली. तसं नाही. आपली गोष्ट कमी पडली, असं तिला वाटलं. म्हणून तिने दुसरी लिहिली. तीही कमी पडली. मग तिसरी. ती शिकायला बुलढाण्याला गेली, नोकरीला नागपूरला गेली, पुस्तकामागून पुस्तक लिहीत गेली. कधी तिच्या गोष्टीत विषावर प्रेम करणारं शहर असायचं, कधी माणसांना गोंजारून मारणारं यंत्र. शहरातले वाचक म्हणायचे, काय कल्पनाशक्ती आहे! मला रांगेत बायांच्या बोलण्यातून हे सगळं कळायचं. आणि दर वेळी माझ्या मनात यायचं की ही पोरगी अजून त्या पायरीवरच उभी आहे.

मधल्या काळात गावात नळ आला, पण त्याला पाणी आलं तर आलं. मग जारचं गोड पाणी मिळू लागलं. मंजुश्रीने आईसाठी रोजचा जार लावून दिला. बेबीताई त्या पाण्यात डाळ शिजवायची, कारण माझ्या पाण्यात डाळ बोटचेपी होत नाही. त्याच पाण्याने स्टीलची भांडी धुवायची, पांढरे डाग पडत नाहीत म्हणून. पाहुण्याला तेच द्यायची. स्वतः प्यायला मात्र ती चेपलेल्या काठाची कळशी घेऊन माझ्याकडे यायची. एकदा इथेच उभी राहून ती फोनवर लेकीला म्हणाली, "चांगलं आहे वं तुहं पानी. पन फिक्कं लागते. त्याच्यानं तहान नाही जात."

मग बेबीताई "हॅलो, हॅलो" करत राहिली. हे वाक्य मंजुश्रीने पोरवयात मनाने रचलं होतं. आता ते तिच्या आईच्या तोंडून आलं होतं. आपलं लिहिलेलं खरं ठरलं की लेखकाला आनंद होतो, असं म्हणतात. ती पोरगी घाबरली असणार.

गेल्या हिवाळ्यात तिला पुरस्कार मिळाला आणि गावाने सत्कार ठरवला. गावाचा हेतू चांगला होता, हे मी आधीच सांगून ठेवतो. देवानंदने मला घासलं, तेल घातलं, नवा वायसर बसवला आणि लालवर झकास निळा रंग दिला. खांबावर लिहिलं, 'मंजुश्रीताईंच्या गोष्टीतली हापशी.' झेंडूची माळ घातली. तरुण पोरं माझ्याबरोबर फोटो काढू लागली. कुणाच्या तरी डोक्यातून कल्पना निघाली की पाहुण्यांना गोष्टीतलं पाणी द्यायचं. कागदी कपांत माझं पाणी भरलं गेलं. बुलढाण्याहून आलेल्या पाहुण्यांनी घोट घेतला, त्यांचे चेहरे क्षणभर वाकडे झाले, आणि ते म्हणाले, "वा!" मला जुन्या सरपंचांची आठवण झाली.

मंजुश्री गाडीतून उतरली आणि तिने मला पाहिलं. निळा, चकचकीत, माळ घातलेला. मग तिने कप पाहिले. मंचावर तिला शाल दिली, श्रीफळ दिलं, माइक पुढे केला. ती माइक सोडून खाली उतरली आणि पहिल्या ओळीत खुर्चीवर बसलेल्या आईसमोर वाकली. लेक आईच्या पाया पडते आहे असं वाटून फोटोवाले धावले, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ती पाया पडत नव्हती. बेबीताईच्या पायात दयारामची जुनी मोठी चप्पल होती, कारण तिची स्वतःची आता होत नव्हती. मंजुश्रीने घोट्याच्या वर अंगठा दाबला आणि उचलला. पिठाच्या गोळ्यात उमटावा तसा खड्डा उमटला, आणि तसाच राहिला. टाळ्या हळूहळू थांबल्या.

"माय, हे पाह्य. भरून येते का?"

बेबीताईने वाकून पाहिलं. "नाई."

"बाबाच्या पायाचं बी असंच होतं ना?"

बेबीताईने त्या खड्ड्यावरून बोट फिरवलं. "हाव," ती म्हणाली.

"मंग हे गोष्ट नाही, माय. म्या आजवर जे लिव्हलं, ते सारं हेच सांगासाठी लिव्हलं. दुसरं काईच नाही."

मंडपात काही जणांनी कागदी कप हळूच खुर्चीखाली ठेवले. मंजुश्री उठली आणि देवानंदला म्हणाली, "काका, पाना आना." देवानंदने सरपंचांकडे पाहिलं, सरपंचांनी जमिनीकडे पाहिलं. त्या दिवशी, माळ गळ्यात असताना, माझा दांडा काढला गेला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस तो. हात तोडल्यावर कुणाला आनंद होतो का? मला झाला.

मंजुश्री आईला नागपूरला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ आहे, पण फार नाही, पाणी बदलायलाच हवं. बेबीताई तिथे महिनाभर राहिली. मग म्हणू लागली की करमत नाही, घसा सुकते, रात्री झोप येत नाही. गोडच पाणी पिईन अशा शपथा घेऊन ती गावी परतली. आल्यावर काही दिवस ती माझ्या समोरून जाताना माझ्याकडे बघायची नाही. मग बघू लागली. मग एकदा उगाच ओट्यावर येऊन बसली आणि माझ्या कोरड्या तोंडावर तिने हात फिरवला.

आता उन्हाळा चढला आहे. नळ कोरडा आहे. जारवाल्याची मशीन बंद पडली आहे, आणि टँकर येतो म्हणतात तो अजून आलेला नाही. गावाने देवानंदला धरलं. तो म्हणाला, "ताईले काय सांगू?" तेव्हा एक बाई पुढे झाली. "तिले मी सांगीन," ती म्हणाली. "तू लाव, बापू, दांडा."

रांगेतलं पहिलं भांडं पितळेची छोटी कळशी आहे. तिचा काठ एका बाजूने चेपलेला आहे. बेबीताई तिच्यामागे उभी आहे, आणि तिच्या पायात अजून दयारामची चप्पल आहे.

देवानंद आला. सायकलच्या मागे नवा दांडा बांधला आहे, हातात तेलाची बुधली आहे. तो नट बसवतो आहे. आणि आत्ता, या क्षणी, बेबीताईच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजतो आहे. तिने तो कानाला लावला. "हाव वं," ती म्हणते आहे. "गोडच पेऊन राह्यली. तू नको घाबरू, बाई."

मित्रांनो, बाकीच्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आमची काळजी घ्या, आम्हाला जपा, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझं मागणं उलटं आहे. मला जपू नका. मला तेल घालू नका, रंग देऊ नका, माझ्यावर नारळ ठेवू नका. मला गंजू द्या. माझं पाणी गार लागेल, धार जाड पडेल, पोट भरल्यासारखं वाटेल, तरी त्यावर जाऊ नका. आणि कुणी तुम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर टाळ्या वाजवून उठू नका. ती काय सांगते आहे ते ऐका.

नट आवळला गेला. खालचं पाणी उठून बसलं आहे, मला ऐकू येतं आहे. बेबीताईने दांड्यावर हात ठेवला. माझी नळी खोल आहे, पाणी वर यायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात कुणीतरी धावत या.